पुढचं एकाचं, मागचं दुसऱ्याचं

आत्याने तोंड बघून कधी कुणाची पारख केली नाही. माणसांची करावी लागे ती चारचौघांसारखी चुकतमाकत करायची, पण ज्यांच्यात तिची हयात गेली त्या पाखरांच्या जगात तोंडाला काडीची किंमत नव्हती. संध्याकाळी दिवा लावला की त्याभोवती झोकांड्या खाणारी तपकिरी, मळकट पाखरं आपण हाकलतो ना, तीच ही. पतंग म्हणा हवं तर. त्यांच्यातल्या कित्येक जाती एकमेकींसारख्या इतक्या हुबेहूब दिसतात की पंख बघून नाव ठेवायला जाल तर तोंडघशी पडाल. खरी ओळख दुसऱ्या टोकाला असते. नराच्या बुडाशी मादीला धरून ठेवायचे चिमटे असतात आणि त्यांची घडण प्रत्येक जातीत निराळी. तेव्हा पायांत मोजे, गळ्यापर्यंत बटणं आणि नाकावर जाड चष्मा अशी ही सभ्य बाई रोज सकाळी संग्रहालयाच्या तळघरात उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नर पाखरांची बुडं बघत बसायची. याचा पगार मिळतो यावर तिच्या भावाचा कधी विश्वास बसला नाही.

ती राहायची त्याच भावाकडे. भाचरं मोठी होऊन पांगली, पण त्यांनी मारलेली 'आत्या' ही हाक मागेच राहिली आणि गल्लीने ती उचलली. भावाचं चष्म्यांचं दुकान होतं; जगाला स्पष्ट दाखवण्यात त्याचा जन्म गेला, पण बहीण नक्की काय बघते ते त्याला कधी दिसलं नाही. वहिनीला मात्र पुरेपूर दिसलं होतं. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण ताईंवरूनच निघाली असणार," असं ती पाहुण्यांसमोर खुशाल म्हणायची. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं होतं: "मी बसून बघते, वहिनी. वाकून पाठ धरते."

तरुणपणी एक गृहस्थ तिला मागणी घालायला आले होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही कामावर नेमकं काय करता. आत्याला खोटं बोलता येत नाही, आणि थोडक्यात तर काहीच बोलता येत नाही. तिने सांगितलं की नराचं पोट हलकेच मोडून घ्यायचं, कॉस्टिकच्या पाण्यात उकळायचं, आतलं मांस विरघळून गेलं की चिमटे सुटे होतात, ते काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचे. उकळण्यापर्यंत ती आली तेव्हा गृहस्थांनी गुडघे जुळवून घेतले होते. ते काही परत आले नाहीत, आणि आत्यालाही आठवण झाली नाही, कारण त्या आठवड्यात एक फार सुंदर चिमटा सापडला होता.

हे सगळं तिला शिकवलं ते सरांनी. सर म्हणजे कीटक विभागाचे जुने प्रमुख. विभागात दोन गोष्टींचा वास दरवळत असे, डांबरगोळ्यांचा आणि सरांच्या धाकाचा. ड्रॉवरचं काचेचं झाकण उघडलं की पंखा बंद, खिडकी बंद, तोंड बंद. वाळलेलं पाखरू टाचणीवर उभं असतं आणि त्याचं पोट छातीशी केसभर धाग्याने अडकल्यासारखं असतं. फुंकर लागली तरी गळून पडतं. म्हणून सरांच्या खोलीत माणसं श्वाससुद्धा परवानगीने घेत. एकदा एक उमेदवार उघड्या ड्रॉवरपाशी शिंकला. पाखरांना काही झालं नाही, पण सरांनी त्याच दिवशी त्याची रवानगी दगडांच्या विभागात केली. "तिथे शिंक पोटभर," असं म्हणाले. त्या मुलाने फुलपाखरांसाठी घरदार सोडलं होतं. त्याने उरलेली सगळी नोकरी दगडांना चिठ्ठ्या लावण्यात काढली, आणि जिन्यात कीटकवाले दिसले की तो भिंतीकडे बघायचा.

आता सर नव्वदीला टेकले होते. हृदय कुरकुरत होतं, डॉक्टर हातचं राखून बोलत होते, आणि सरांची एकच इच्छा उरली होती. या धंद्यात नव्या जातीला आपलंच नाव द्यायची चाल नाही. दिलंत तर लोक मरेपर्यंत हसतात आणि मेल्यावरही थांबत नाहीत. दुसऱ्याने द्यावं लागतं. सरांनी उभ्या आयुष्यात कितीतरी जातींना नावं दिली: साहेबाचं दिलं, साहेबाच्या बायकोचं दिलं, एकदा तर साहेबाच्या कुत्र्याचंही दिलं. कुत्रा अजरामर झाला. सरांच्या नावाचं मात्र जगात एकही पाखरू नव्हतं.

आत्याने त्यांना शब्द दिला होता. माझ्या हातून नवी जात निघाली तर तुमचंच नाव. शब्द देऊन ती केस पिकेपर्यंत बुडं बघत राहिली, आणि नव्या जातीने काही तिला दर्शन दिलं नाही. निवृत्ती दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे ते घडलं.

एका जुन्या ड्रॉवरात दोन सख्ख्या जातींच्या रांगा शेजारी शेजारी होत्या. त्यांची पुस्तकी नावं दीड वाव लांब, म्हणून आत्या त्यांना थोरली आणि धाकटी म्हणे. थोरलीच्या पंखावर दोन पट्टे असतात, धाकटीच्या पट्ट्यांखाली एक काळा ठिपका जास्त. बाकी सगळा एकच मळका रंग. थोरलीच्या रांगेतला एक नर तिने सहज तपासायला घेतला, पोट मोडून उकळलं, चिमटे काचेवर ठेवले आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. थोरलीचे चिमटे सरळ असतात, धाकटीचे पसरट. हे आत वळलेले होते आणि टोकाला दोन दात होते. असे चिमटे तिने कधी पाहिले नव्हते, आणि जगातही कुणी पाहिले नव्हते. तिने सगळी पुस्तकं उलटीपालटी करून खात्री केली.

मग नव्या जातीचं वर्णन लिहायचं. वर्णन लिहिणं म्हणजे हा आपल्या भाऊबंदांहून कुठे कुठे वेगळा ते सिद्ध करणं, आणि भाऊबंद काही सहजासहजी वाटणी मान्य करत नाहीत. चिमट्यांचा प्रश्नच नव्हता. घोडं अडलं पंखांपाशी. पंख थेट थोरलीचे. पण आत्या आता प्रेमात पडली होती, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला हवं ते दिसतं. तिने चार दिवस डोळे फोडून बघितलं आणि लिहिलं: 'बाहेरचा पट्टा किंचित फिकट.' ड्रॉवरात इतकी वर्षं काढली की कोण फिकट होत नाही? आत्या स्वतःही झाली होती.

लेख गेला. तो तपासणारे परदेशातले विद्वान, ज्यांनी आजवर कुणाला धड बरं म्हटलं नव्हतं, त्यांनीही मान डोलावली. पंख भावाचे आणि चिमटे स्वतःचे, असं आश्चर्य क्वचित बघायला मिळतं, असं त्यांनी कळवलं. आत्याने सरांना फोन केला. सरांनी औषधवाल्याला सांगितलं, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईला सांगितलं, आणि चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही सांगितलं. सरांची लेक म्हणाली की बाबा आरशासमोर आपलं नाव पाखराच्या आडनावाला जोडून मोठ्याने म्हणून बघतात.

छापायला फक्त एक चांगला फोटो बाकी होता. दुपारी आत्याने बुडाविना उरलेलं ते पाखरू दिव्याखाली घेतलं, पंख नीट दिसावेत म्हणून जरा तिरकं केलं, आणि मोडलेल्या जागी काहीतरी चमकलं. मोहरीहून लहान, पिवळसर. पहिल्या वेळी घाईत पोट मोडताना तिला ते दिसलंच नव्हतं. तिने ब्रशाचं टोक पाण्यात बुडवून तिथे टेकवलं. ब्रश चिकटला.

डिंक होता तो.

म्हणजे तिने मोडलं ते पोट त्या पाखराचं नव्हतंच. कधीतरी पोटं गळली, कुणीतरी उचलली आणि चिकटवताना अदलाबदल झाली. पुढचं एकाचं, मागचं दुसऱ्याचं, आणि त्या जोडकामाला आत्या नवी जात म्हणून नाव देऊन मोकळी होत होती. आणि त्या विभागात डिंकाला हात लावायची मुभा एकाच माणसाला होती.

आत्या त्या दिवशी लवकर घरी आली. जेवताना तिने सगळं सांगितलं, आणि तिचा आवाज कापत होता म्हणून वहिनीने थट्टा केली नाही. भाऊ म्हणाला, पोट तर तू उकळलंस, डिंक पुसून टाकलास की संपलं, कोण बघायला येतंय. म्हाताऱ्याला दोन दिवस सुखाने जगू दे. आत्याला याचाच राग आला, कारण दुपारभर तिच्या मनातही हेच घोळत होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं ती पुटपुटली, पण ते तिला स्वतःलाच पटल्यासारखं वाटत नव्हतं. सर किती दिवसांचे सोबती होते? तांबडं फुटेपर्यंत झाकून ठेवलं तरी त्यांच्यापुरतं भागत होतं.

वहिनी ताटं उचलता उचलता थांबली. "पण ताई, ते चिमटे तर खरेच ना?"

"चिमटे खरे. बाकीचं पाखरू खोटं."

"मग बूड कुणाचं तरी असेलच की. बूड काय एकटं उडत आलं होतं? त्याचं डोकं शोधा."

आत्या वहिनीकडे बघतच राहिली. या बाईने तिच्या कामाला कितीतरी वर्षं नावं ठेवली होती, आणि त्या भरात सगळं काम शिकून घेतलं होतं. नवी जात होतीच. फक्त आत्याच्या हाती तिचा मागचा अर्धा भाग होता, आणि पुढचा अर्धा कुठल्या तरी रांगेत दुसऱ्याचं बूड लावून साळसूदपणे उभा असणार होता. पण कुठल्या? संग्रहालयात ड्रॉवरांची भिंतच्या भिंत होती. डिंक लावणाऱ्यालाच विचारणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा सर खिडकीपाशी, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. छापलेला लेखच आला असं त्यांना वाटलं. आत्याने उभ्यानेच सांगून टाकलं. सर ऐकू न आल्यासारखे बसले. मग म्हणाले की आपल्या हातून ड्रॉवरात कधी काही मोडलेलं नाही. मग म्हणाले की डिंक तर शिपायाकडेही असायचा. शेवटी हळूच म्हणाले, "कुणाला कळणार आहे, मुली?"

"मला कळलं ना, सर."

सरांनी मान फिरवली. आत्याला तिथून पळून जावंसं वाटलं. ज्या माणसाने तिला बघायला शिकवलं त्याला ती सांगत होती की बघा, तुमचं चुकलं. आणि बक्षीस म्हणून त्याच्या म्हातारपणाचा एकुलता एक आनंद काढून घेत होती. पण आली होती तर विचारायलाच हवं होतं. पंखा चालू राहिला होता का, असं तिने विचारलं. ड्रॉवर आपटला होता का?

"सर्दी झाली होती मला," सर खिडकीकडे बघत म्हणाले.

आत्याला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. काम बिनसलं की आपण म्हणतो, कुठे माशी शिंकली कोण जाणे. इथे माशी निर्दोष होती. सर शिंकले होते. थोरली-धाकटीचा ड्रॉवर उघडा असताना, भर दुपारी, खोलीत कुणी नाही असं बघून. पोटं पाचोळ्यासारखी उडाली. त्यांनी ती वेचली, आकारमान बघून अंदाजाने चिकटवली आणि ताकास तूर लागू दिला नाही.

"त्या दगडवाल्याच्या आधी की नंतर?" आत्याने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

"आधी," सर म्हणाले. "म्हणून तर त्याला घालवला. शिंकेने काय होतं ते मला ठाऊक होतं." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "जा तू आता. आणि माझं नाव नको त्याला. दुसरं काहीतरी दे. कुत्र्याचंच दे."

आत्या रस्त्याने डोळे पुसत संग्रहालयात गेली. सरांचा राग येत होता, कीव येत होती, आणि त्या उमेदवाराचा भिंतीकडे वळलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग तिने पंखा बंद केला, खिडकी लावली आणि ड्रॉवर उघडला. थोरली आणि धाकटी, दोन्ही रांगांतलं एकेक पाखरू भिंगाखाली घेऊन ती कमरेशी डिंक शोधत गेली. ज्यांना डिंक होता त्यांची पोटं पुन्हा सोडवली, उकळली, तपासली. सरांचा अंदाज वाईट नव्हता. बहुतेकांना ज्याचं त्याचं मिळालं होतं. धाकटीच्या रांगेत अगदी कडेला एक नर निघाला, त्याच्या बुडाशी मात्र सरळ चिमटे होते. थोरलीचे. आणि ज्याच्यावरून त्याला इतकी वर्षं धाकटी म्हणत होते, तो पंखावरचा काळा ठिपका ठिपका नव्हताच. भिंगाखाली तो चक्क चंद्रकोरीसारखा वाकडा होता. सगळ्यांनी बघितला होता आणि कुणी पाहिला नव्हता, आत्यानेही नाही.

आता पुराव्याचं काम. आधी उकळलेल्या पोटाची साल तिने बाटलीत जपून ठेवली होती. तिची फाटकी कड आणि या पाखराच्या कमरेशी उरलेली कड तिने शेजारी ठेवून बघितली. फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे जुळावेत तशा त्या दाताला दात लागून जुळल्या. आत्या एकटीच हसली, तोंडावर हात धरून, कारण ड्रॉवर उघडा होता.

तिने लेख परत मागवला आणि नव्याने लिहिला. 'किंचित फिकट' खोडताना कान गरम झाले, पण खोडलं. चंद्रकोर घातली. परदेशी विद्वानांनी ज्या आश्चर्याला मान डोलावली होती ते आश्चर्य डिंकाचं होतं हे कळवलं. त्यावर विद्वान आठवडाभर काही बोलले नाहीत, मग एका ओळीत बरं म्हणाले. नाव तिने सरांचंच ठेवलं. नको म्हणाले तर म्हणोत, शब्द तिने दिला होता, सरांनी नव्हे. मात्र एक ओळ लिहिताना ती अडली. अदलाबदल कशी झाली ते सांगणं भाग होतं. तिने लिहिलं: 'पूर्वी कुणा अज्ञात व्यक्तीने केलेल्या दुरुस्तीत दोन नमुन्यांची पोटं बदलली गेली.' आणि स्वतःच्या सभ्यपणावर खूश होऊन ती कच्चा लेख घेऊन सरांकडे गेली.

सर खंगले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. लेकीने उशीला टेकवून बसवलं, आणि सर भिंग धरून अक्षर अक्षर वाचायला लागले. पहिल्या पानावर पाखराच्या नावापाशी थांबले. भिंग तिथून बराच वेळ हललं नाही. आत्याला वाटलं, झालं, जिंकलं. मग सर पुढच्या पानावर गेले आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"अज्ञात?" ते म्हणाले. "आपल्या विभागात मी डिंक लावला, मी जोडलं, आणि मला अज्ञात म्हणतेस?"

आत्या चाचरली. म्हणाली की तुमच्याच नावाच्या पाखरात तुमचीच चूक कशी लिहायची, लोक हसतील.

"हसू देत. या धंद्यात कुणी काय मोडलं ते लिहून ठेवायचं, हे तुला मीच शिकवलंय. पेन काढ. लिही. दुरुस्ती कुणी केली, माझं नाव. पूर्ण. कशामुळे करावी लागली? उघड्या ड्रॉवरवर शिंक आली. अपघात बिपघात लिहू नकोस. शिंक."

आत्याने लिहिलं. सरांनी भिंग धरून तपासलं, आपल्या नावाखालचं तिचं गिचमीड अक्षर बघून तोंड वाकडं केलं आणि कागद परत दिला. मग डोळे मिटून पडून राहिले. आत्याला वाटलं झोप लागली, म्हणून ती आवाज न करता उठायला लागली.

"छापून आलं की एक प्रत दगडांच्या विभागात दे," सर डोळे न उघडता म्हणाले. "त्याच्या हातात दे."

"तो निवृत्त झाला, सर. कधीच."

"मग घर शोध. बुडं शोधून काढतेस, माणूस सापडणार नाही?"

आत्याचे डोळे भरून आले, नाक चोंदलं, आणि जन्माची सवय म्हणून तिने श्वास कोंडून धरला. सरांनी एक डोळा किलकिला करून बघितलं आणि उशीखालचा रुमाल पुढे केला.

"शिंक आता," ते म्हणाले. "इथे ड्रॉवर नाही."